जानेवारीत हॉलंडला चाललोय, गढूळ पाण्यात पाइकसाठी कुठले ल्युअर (नकली आमिष) नेऊ?

सुदामानगरचा_गळ
मंडळी नमस्कार. मी इंदूरचा, जानेवारीत बहिणीकडे नेदरलँड्सला जातोय, ते खाउडाजवळ राहतात, घरामागेच कालवा आहे आणि भावजी म्हणतात त्यात पाइक (तीक्ष्ण दातांचा शिकारी मासा) आहेत. पाइक मी फक्त व्हिडिओत पाहिलाय. माझा सगळा हात सावलवर बसलेला (तुमच्याकडचा मरळ), रबरी बेडूक फेकायचा आणि शेवाळावरून टुकटुक करत ओढायचा. भावजींनी फोटो पाठवला तर पाणी अगदी कटिंग चहासारखं, आणि थंडी तर विचारूच नका. रॉड ८ फुटी आहे, २० ते ५० ग्रॅमचे ल्युअर फेकणारा, ब्रेड (विणलेली) लाइन पण आहे. ल्युअरचं बजेट तीन-चार हजार, डबे भरभरून न्यायचे नाहीत, मोजके पण कामाचे सांगा.

राजवाडा_भिया
अरे भिया बेडूकच ने ना, मासा तो मासा, तोंडापुढून काही हललं की झपटणारच 😀

पोल्डरभटक्या
भिया, बेडूक यशवंत सागरलाच राहू दे. मी मूळचा रामबागचा, आता युट्रेख्टच्या बाजूला असतो, थंडीत इथेच गळ टाकतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सावलला हवा घ्यायला वर यावंच लागतं, म्हणून त्याचं पृष्ठभागावर लक्ष असतं आणि बेडूक चालतो. पाइकचं कल्ल्यांवर भागतं, त्याला वर यायचं काही कारण नाही. त्यात जानेवारीत पाणी चार-पाच डिग्रीवर आलं की त्याचं अंगच मंद होतं, खाल्लेलं पचायला वेळ लागतो, आणि लांबवर पाठलाग करायची त्याची तयारी नसते. म्हणजे ल्युअर त्याच्या तोंडापुढून न्यायचा आणि इतका हळू न्यायचा की आपल्यालाच कंटाळा आला पाहिजे. आता गढूळपणा. डोळ्यांनी त्याला फार लांबचं दिसणार नाही, पण अंगाच्या दोन्ही बाजूंनी जी रेघ असते तिने त्याला पाण्यातली थरथर कळते. म्हणून हळू ओढला तरी पाणी हलवेल असाच ल्युअर हवा, बाकी सगळं नंतर.

माझी पहिली पसंती १५ सेंटीमीटरचा सॉफ्ट शॅड, म्हणजे रबरी मासा, शेपटीला रुंद चकती असलेला. इथले पोल्डरचे (पाणी उपसून काढलेल्या सखल जमिनीतले) कालवे बहुतेक उथळ, तेव्हा जिगहेड (वजन लावलेला हुक) १० ग्रॅमच्या आसपासच ठेव, जड लावलास तर तो बुडू नये म्हणून भराभर ओढावा लागेल आणि सगळा हेतूच गेला. दुसरा स्पिनरबेट (तारेवर फिरतं पातं असलेला ल्युअर), पण पातं गोल कोलोरॅडोचं बघ, लांबट विलो पातं चमकतं छान पण धडधड कमी करतं. सुट्टा स्पिनर हवा असेल तर मेप्स अॅग्लिया ५ नंबर, हळू ओढला तरी त्याचं पातं फिरत राहतं.

राजवाडा_भिया
बरं बाबा हरलो. पण रंग?

पोल्डरभटक्या
फायरटायगर (हिरवा-पिवळा-नारिंगी, काळे पट्टे) नाहीतर लिंबू पिवळा. चमक हवी तर तांबं किंवा सोनेरी, तपकिरी पाण्यात चांदीपेक्षा ते बरं दिसतं.

बडोद्याची_मासोळी
रंगाबद्दल थोडं वेगळं सांगते. माझा मुलगा इंग्लंडला फेन्सच्या (तिथल्या सखल पाणथळ भागातल्या) कालव्यांवर जातो, मीही स्वेटरवर स्वेटर घालून काठावर बसलेय. पाणी फारच गढूळ असलं की तो सरळ काळा शॅड लावतो. पाइकचे डोळे वर आणि पुढे बघणारे, खालून बघताना उजेडासमोर काळी आकृती ठळक दिसते म्हणे. आणि मुलगा एकाच जागी परत परत फेकतो, मला वाटायचं काय हा वेडेपणा, पण तिसऱ्या-चौथ्या फेकीला त्याच बोरूच्या कडेतून मासा आलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

पोल्डरभटक्या
ताई, पटलं. एक पिवळा एक काळा, झालं काम. परत परत फेकण्याचं तर शंभर टक्के, मासा आळसावलेला असतो, त्याला विचार करायला वेळ द्यायचा. जागा म्हणशील तर पुलाखाली, दोन कालवे मिळतात तिथे आणि बोटी बांधतात त्या खोलगट भागात. पहाटे उठायची गरज नाही, जानेवारीत इथे सूर्यच पावणेनऊला उगवतो, दुपारी अकरा ते तीन बघ.

पण ल्युअरच्या आधी पैसे स्टीलच्या ट्रेसवर (लाइन आणि ल्युअरच्या मधली तार) घाल, निदान ३० सेंटीमीटरचा. ट्रेसशिवाय पाइकवर जाणं मला चक्क गुन्हा वाटतो. त्याचे दात ब्रेड लाइन सहज कापतात, आणि मग तो मासा तोंडात हुक घेऊन फिरतो. लांब चोचीची पक्कड पण लागेल, आणि हुकांचे उलटे काटे दाबून टाक म्हणजे सोडवायला त्रास नाही. बाहेर शून्याखाली असेल तर मासा पाण्यातच ठेवून सोडव, फोटोच्या नादात त्याचे कल्ले गारठतात.

सुदामानगरचा_गळ
वा, डोकं साफ झालं. म्हणजे दोन शॅड, एक स्पिनरबेट, एक मेप्स, ट्रेस आणि पक्कड. लायसन्सचं काय? आणि हे सगळं हँड बॅगेत चालेल का?

पोल्डरभटक्या
व्हिसपास लागतो, तिथल्या फिशिंग क्लबचा सभासद झालास की मिळतो, जानेवारीत काढलास तर डिसेंबरपर्यंत चालतो म्हणजे पुढच्या खेपेलाही कामाचा. कुठल्या पाण्यात परवानगी आहे ते अॅपमध्ये दिसतं, घरामागचा कालवा त्यात आहे का आधी बघ. जिवंत मासा आमिष म्हणून लावायला इथे बंदी आहे हे पण लक्षात ठेव. १ मार्चपासून मेच्या शेवटच्या शनिवारपर्यंत पाइक बंद, तुला त्याचं काही नाही. हुक मात्र चेक-इन बॅगेतच टाक, हँड बॅगेत सिक्युरिटीवाले काढून घेतील. जिगहेड इथेच घे, उगाच शिशाचं वजन कशाला वाहतोस.

बडोद्याची_मासोळी
आणि बोटं उघडी असलेले लोकरी हातमोजे घ्या, रीलची गाठ बांधताना कळेल का ते.

पोल्डरभटक्या
पोचलास की मेसेज कर, शनिवारी मी मोठी जाळी घेऊन येतो. येताना लौंग सेव आण, अर्धा किलोवाली पाकिटं नको, किलोचं आण.