छोट्या देशाने संरक्षणाचा प्लॅन करायचा तर सुरुवात कुठून?

माहीमकर:
सिंगापूर घ्या. 1965 ला मलेशियातून बाहेर पडावं लागलं, हाताशी पायदळाच्या दोनच बटालियन, आणि 1968 ला ब्रिटिशांनी सांगून टाकलं की आम्ही 1971 पर्यंत निघतो. 1967 ची सक्तीची लष्करी सेवा सगळ्यांना माहितीये, पण मला खरी मोठी वाटते ती 1984 ची 'टोटल डिफेन्स', सैन्य, नागरी संरक्षण, अर्थव्यवस्था, समाजातली एकी, लोकांचं मनोबल सगळं एकाच धोरणात. पाणी मलेशियातल्या जोहोरहून येतं, 1962 च्या कराराने रोज 25 कोटी गॅलनपर्यंत, आणि तो करार 2061 ला संपणार, म्हणून त्यांनी सांडपाणी शुद्ध करून वापरायला घेतलं, समुद्राचं पाणी गोडं करायचे प्लांट टाकले. आधी पाणी, धान्य, वीज बघा, रणगाडे नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुर्लावाला:
अजिबात पटलं नाही. कुवेतकडे पैसा कमी होता का? 2 ऑगस्ट 1990 ला इराक घुसला आणि दोन दिवसांत देश हातचा गेला, परत मिळाला तो अमेरिका आणि बाकीचे देश उतरले म्हणून. मालदीव बघा, नोव्हेंबर 1988, भाडोत्री बंडखोर मालेत शिरले, तिथले राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि आपले पॅराट्रूपर्स आग्र्याहून उडून त्याच रात्री तिथे उतरले. छोट्या देशाने आधी हे पक्कं करावं की अडचणीत धावून कोण येणार, बाकी सगळं त्याच्यानंतर.

शुभदा_दादर:
फिनलंडचं काय मग? 1939 च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौजेपुढे साडेतीन महिने जवळपास एकटे लढले, देश राखला. आजही तिथे ठराविक आकाराच्या वर बिल्डिंग बांधली की खाली शेल्टर बांधावंच लागतं, कायदाच आहे. हेलसिंकीत एक अख्खा स्विमिंग पूल खडकाच्या पोटात आहे, रोज पोरं पोहतात, आणि वेळ आली की 72 तासांत रिकामा करून माणसं आत घ्यायची. आपल्याकडे सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटमध्ये फायर एक्झिटसाठी सुद्धा भांडावं लागतं हो.

कुर्लावाला:
ताई, फिनलंडचा करेलिया हा भाग सोव्हिएतकडे गेलाच ना? चारेक लाख माणसं घरदार सोडून आली. आणि रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर हाच फिनलंड 2023 ला नाटोत गेला. शेल्टर पुरेसे असते तर कशाला गेला असता?

माहीमकर:
जावं, जरूर जावं. पण मित्र निघून पोचेपर्यंतचा वेळ कोण काढणार? 26/11 ला आपल्याच देशातले एनएसजी कमांडो दिल्लीकडून येईपर्यंत दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली, आणि तोवर गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी गोळ्या झेलत कसाबची बंदूक धरून ठेवली होती. कमांडो आपलेच, विमानही आपलंच, तरी एवढा वेळ. परक्या देशाच्या संसदेत चर्चा होऊन मदत निघायची म्हटलं तर किती दिवस जातील, आणि तेवढे दिवस लोकांना पाणी कोण देणार?

नाना_विलेपार्ले:
दोघंही कर्जाबद्दल बोलतच नाही आहात. श्रीलंकेवर कोणी चाल करून गेलं नव्हतं, तरी 2017 ला हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या लीजवर चिनी कंपनीकडे गेलं, आणि 2022 ला भारताने आक्षेप घेऊनही चीनचं युआन वांग 5 हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं जहाज तिथे लागलं. तेव्हा तिजोरी रिकामी होती त्यांची, नाही म्हणायची ताकदच उरली नव्हती. माहीमकर, तुमच्या यादीत पाण्याच्याही वर परकीय चलन लिहा.