एस३सारखं स्वस्त स्टोरेज घेतलं, आता बॅकअप अडलाय. सल्ला हवा

पानगळ:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन्स आहेत, दोनेक टीबी. ॲमेझॉनचं एस३ (इंटरनेटवर फाइली ठेवायची भाड्याची जागा) परवडेना म्हणून एका छोट्या कंपनीचं 'एस३-कम्पॅटिबल', म्हणजे एस३च्याच पद्धतीने चालणारं, स्टोरेज घेतलं. पायथॉन स्क्रिप्ट तीच ठेवली, फक्त एंडपॉइंट (स्टोरेजचा पत्ता) बदलला. वर्षभर निवांत. परवा सर्व्हर नव्याने बसवला आणि त्याच रात्री बॅकअप आपटला. लॉग म्हणतो, चेकसमचा (फाइल धड पोचली का ते तपासायच्या आकड्याचा) हेडर इम्प्लिमेंट केलेला नाही. कंपनीवाले म्हणतात, आम्ही काहीच बदललेलं नाही. आता काय करू? आणि एक शंका: ज्यांचा एपीआय (प्रोग्रॅमनी सेवेशी बोलायची ठरलेली पद्धत) सगळे वापरतात, त्यांनी नक्कल करणाऱ्यांना सांभाळून घ्यायला नको का?

रूटकॉज:
बोटो३ (पायथॉनमधून एस३शी बोलणारी ॲमेझॉनची लायब्ररी) १.३६ किंवा पुढचं बसलंय, पैज लावतो. जानेवारी २०२५ पासून ते अपलोडसोबत सीआरसी प्रकारचा चेकसम आपणहून पाठवतं. मूळ एस३ला ते कळतं, तुमच्या कंपनीला नाही. रिक्वेस्ट चेकसम आणि रिस्पॉन्स चेकसम ही दोन्ही सेटिंग्ज 'व्हेन रिक्वायर्ड' करा, म्हणजे सक्तीचा असेल तिथेच चेकसम जाईल.

खडूस_आजोबा:
शंकेचं उत्तर: नाही. आयत्या बिळावर नागोबा व्हायचं आणि वर बिळाची डागडुजीही उंदरानेच करायची? ॲमेझॉनने त्याच वेळी स्पष्ट लिहिलं होतं की हे एसडीके (बोटो३सारख्या लायब्रऱ्या) आमच्या सेवांसाठी आहेत, बाहेरच्यांना जमण्याआधीही आम्ही नवी गोष्ट डीफॉल्ट करू शकतो.

सातबारा:
आजोबा, नागोबा जरा जास्त झालं. नक्कल करणं गुन्हा नाही. गूगल-ओरॅकल खटल्यात २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गूगलने केलेली जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एपीआयच्या सुमारे ११,५०० ओळींची नक्कल 'फेअर यूज' (परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर) ठरवली, ६ विरुद्ध २. पण नक्कल करू देणं वेगळं आणि तिच्यासाठी स्वतः थांबणं वेगळं. २०१२मध्ये युकॅलिप्टस या क्लाउड सॉफ्टवेअर कंपनीला ॲमेझॉनच्या एपीआयशी सुसंगतता हवी होती, तेव्हा त्यांनी ॲमेझॉनशी रीतसर करार केला. युरोपचा डेटा कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे, तोही सोडून जाणाऱ्या ग्राहकाची वाट मोकळी करतो. नक्कलवाल्याची सोय बघत नाही. माझ्या मते ते बरोबरच आहे. फक्त डीफॉल्ट बदलताना भरपूर आधी सांगावं, एवढी माणुसकी हवी.

खडूस_आजोबा:
माणुसकीचा एपीआय अजून निघायचाय.

पानगळ:
रूटकॉज, सेटिंग्ज केली, अपलोड सुरू झालं! पण जुने बॅकअप डिलीट होईनात. 'कंटेंट-एमडी५ नाही' म्हणतंय.

रूटकॉज:
अरे हो, ते राहिलंच. एकगठ्ठा डिलीटला चेकसम सक्तीचा असतो, त्यामुळे 'व्हेन रिक्वायर्ड'ने तिथे फरक पडत नाही. आधी एमडी५ हा जुना प्रकार जायचा, आता सीआरसी जातो, आणि तुमची कंपनी अजून एमडी५च मागते. एकेक फाइल डिलीट करा, नाहीतर बोटो३ १.३६च्या खाली पिन करा, म्हणजे जुन्या आवृत्तीवरच अडकवून ठेवा. मी पिनच करेन. आणि कंपनीला 'कम्पॅटिबल आहात का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. बोटो३च्या कुठल्या आवृत्तीवर तपासलंय ते लेखी मागा. पुढे अपग्रेड करताना टेस्ट बकेटवर (चाचणीसाठीच्या वेगळ्या कप्प्यावर) आधी अपलोड, डाउनलोड, डिलीट तिन्ही करून बघायचं.

पानगळ:
पिन केलं, जुने बॅकअप गेले. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत) आवृत्तीच लिहिली नव्हती, हा गाढवपणा माझाच. कंपनीला मेल टाकलाय. 'टीमकडे पाठवलंय' असं उत्तर आलंय.