अनुभव धागा: मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडीचे दार उघडेना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात विद्युत मोटारी वाढल्या, तशी एक तक्रार वरचेवर कानावर येऊ लागली आहे. गाडीत दोनशे किलोमीटरचे चार्जिंग शिल्लक असते, पण चावीचे बटण दाबले तरी कुलूप उघडत नाही. दोष बहुधा १२ व्होल्टच्या लहान बॅटरीत असतो. कुलपे, काचा, दिवे, गाडीतील सारे संगणक आणि मोठ्या बॅटरीचा प्रवाह जोडणारे काँटॅक्टर तिच्यावरच चालतात, त्यामुळे ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही निरुपयोगी होते. ज्यांच्यावर हा प्रसंग आला, त्यांनी काय घडले आणि काय केले ते सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो.

टिळकवाडी, बेळगाव

मे महिन्यात लग्नासाठी आम्ही रेल्वेने पुण्याला गेलो आणि गाडी १९ दिवस दारात उभी राहिली. डॅशकॅम मी फ्यूजबॉक्समधून असा जोडून घेतला होता की तो गाडी बंद असतानाही चालू राहत असे. परत आलो तेव्हा गाडी निपचित होती. चावीच्या आत लोखंडी पाते असते हे ठाऊक होते, पण दाराचे कुलूप कुठे आहे हे तीन वर्षांत कधी पाहिलेच नव्हते. हँडलच्या टोकाला रंगाशी मिळतेजुळते प्लास्टिकचे टोपण होते आणि ते नखाने निघेना. पत्नीने स्वयंपाकघरातून बोथट सुरी आणली, तेव्हा टोपण सुटले. आत धूळ साचल्याने पाते अर्ध्यावर अडले. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून पाच मिनिटे थांबलो, मग कुलूप फिरले. बॉनेटचा खटका तारेने ओढायचा असल्याने त्याला वीज लागली नाही.

मल्टिमीटरवर ९.४ व्होल्ट दिसले. शेजारच्या काकांच्या पेट्रोल गाडीवरून जंपर लावला: लाल वायर धन टर्मिनलांना, काळीचे शेवटचे टोक बॅटरीऐवजी गाडीच्या उघड्या धातूला. ‘रेडी’चा, म्हणजे गाडी चालायला तयार असल्याचा, दिवा लागताच मल्टिमीटर १४.१ वर गेला, म्हणजे मोठी बॅटरी लहानीला भरू लागली होती. नारिंगी आवरणाच्या केबलला मात्र कोणीही हात लावू नये, ती उच्च दाबाची असते.

उद्यमबाग, बेळगाव

मी वाहनांच्या विजेची कामे करतो. पेट्रोल गाडीची बॅटरी संपत आली की सकाळी स्टार्टर जड फिरतो आणि मालकाला आठ-पंधरा दिवस आधी कळते. विद्युत गाडीत स्टार्टर नाही. संगणक जागे करून काँटॅक्टर जोडण्यापुरताच प्रवाह लागत असल्याने अशक्त बॅटरीही शेवटच्या दिवसापर्यंत काम निभावते आणि मग एका रात्रीत गाडी बंद पडते. म्हणून तीन वर्षे झाली की दर दोन-तीन महिन्यांनी व्होल्टेज पाहावे, तेही गाडी काही तास उभी राहिल्यानंतर. शिसे-आम्ल बॅटरीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. निम्म्यावर राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट जमते आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

बॅटरी नेहमी दोषी नसते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचे ऋण टर्मिनल सैल होते, आणि मालकाने त्याआधीच नवी बॅटरी विकत घेतली होती. दुसऱ्या एका घरी चावी गाडीपासून हातभर अंतरावर खुंटीला टांगलेली असे, त्यामुळे गाडी रात्रभर पुनःपुन्हा जागी होत होती. खुंटी आतल्या खोलीत नेल्यावर तक्रार थांबली. आणखी एक विनंती: आपल्या विद्युत गाडीवरून दुसऱ्याची पेट्रोल गाडी चालू करून देऊ नका. स्टार्टर क्षणात शेकडो अँपिअर ओढतो. बहुतेक सूचनापुस्तिकांत याला स्पष्ट मनाई असते.

खानापूर

चोर्ला घाटात पावसात चहासाठी थांबलो, दिवे आणि पंखा चालू ठेवून गाडी मात्र ‘रेडी’तून काढली होती. मोठी बॅटरी लहानीला भरत राहील, हा माझा समज चुकीचा ठरला. आमच्या गाडीत ते ‘रेडी’ असतानाच होते. तासाभराने कुलूप प्रतिसाद देईना. चावी घरी ठेवून केवळ मोबाइलवर विसंबलो होतो, आणि तिथे नेटवर्क नव्हते. नेटवर्क असते तरी उपयोग नव्हता, कारण गाडीतील मोडेमही त्याच मेलेल्या बॅटरीवर चालतो. यजमान एका टेम्पोतून गावी जाऊन चावी घेऊन आले. मुलांसह आम्ही साडेतीन तास टपरीच्या पत्र्याखाली बसलो. त्या टपरीवाल्या मावशींनी लेकरांना शेगडीजवळ घेतले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

निपाणी

आमची गाडी घरासमोर बंद पडली. मदतवाहिनीवरील मुलीने पासिंग कर्नाटकचे असल्याने हुबळीहून वाहन पाठवू असे सांगितले. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आहे आणि हुबळी त्याच्या चौपट दूर, हे तिला तीन वेळा समजावले, पण तिच्या संगणकात राज्याची हद्द होती. वाहन दुसऱ्या दिवशी दुपारी आले, तेही पुढची चाके उचलून मागची रस्त्यावर ओढणारे. आमच्या गाडीचा हँडब्रेक विजेचा. वीज नसताना तो सुटत नाही आणि मागची चाके जागची हलत नाहीत. ते परत पाठवून सपाट पाठीचे वाहन मागवावे लागले. सीमेवर राहणाऱ्यांनी फोन करतानाच दोन गोष्टी ठामपणे मागाव्यात: जवळचे केंद्र, मग ते कोणत्याही राज्यात असो, आणि चारही चाके वर घेणारे वाहन.

चिकोडी

माझ्याकडे दार उघडले, पण चार्जिंगची गन सुटेना, कारण ती धरून ठेवणारी खीळ गाडीच्या बाजूला असते आणि तीही १२ व्होल्टवरच चालते. जोर लावून ओढणार होतो, तेवढ्यात भावाने सूचनापुस्तिका उघडली. बॉनेटखाली, चार्जिंगच्या तोंडामागे एक बारीक दोरी होती. ती हलके ओढताच टक् असा आवाज आला आणि गन हातात आली.