संगीत सरसकट हराम?

या चर्चेत वर एकाने लिहिलंय की इस्लाममध्ये संगीत सरसकट हराम (धर्माने निषिद्ध) आणि कव्वाली वगैरे सूफींनी नंतर घुसडली. कडक मताचे उलेमा (धर्मपंडित) पुष्कळ आहेत हे मान्यच, पण 'सरसकट' म्हणण्याइतकं एकमत कधीच नव्हतं. इमाम गझालींचं (मृत्यू ११११) घ्या, सूफी होते खरे पण शाफई या सुन्नी कायदेपंथाचे मोठे फकीहही (धर्मकायद्याचे जाणकार) होते. त्यांचं म्हणणं असं की तंतुवाद्यं नकोत ती दारूच्या बैठकींशी जोडलेली आहेत म्हणून, कानाला गोड लागतात म्हणून नव्हे, नाहीतर बुलबुलचा आवाजही हराम करावा लागेल!

इजिप्तचा विषय अजून कुणी काढला नाही म्हणून लिहितो. तिथली प्रसिद्ध गायिका उम्म कुलसूम ही खेड्यातल्या इमामाची मुलगी, कुराणपठण शिकलेली, आणि वडीलच तिला मुलाचे कपडे घालून लग्नाबिग्नांत धार्मिक गाणी गायला न्यायचे. पुढे तिची गुरुवारची रेडिओ मैफल अख्खं अरब जग ऐकायचं. आणि खुद्द कुराणपठणाचंच बघा ना, यूट्यूबवर इजिप्तचे नामवंत पठणकार शेख मुस्तफा इस्माईल यांचं एखादं ऐका. साधारण बयाती मकामात (मकाम म्हणजे आपल्या रागासारखं काहीतरी) सुरू करतात, मग दुसऱ्या मकामांत फिरून येतात, शेवट परत बयातीत, आणि प्रत्येक थांब्यावर ऐकणारे 'अल्लाह!' म्हणून दाद देतात, अगदी आपल्या मैफलीत 'क्या बात है' येतं तसं. वाद्य अर्थातच नाही, चालही आधी बांधलेली नसते, आणि याला संगीत म्हटलं तर तिथले लोक चिडतील ते वेगळंच.