‘वाड्यातली मंडळी’ ग्रुप : आत्याला सॅन अँटोनिओत जेवायला कुठे न्यावे?

दादा (सॅन अँटोनिओ): सर्वांना नमस्कार. आत्या आणि आतोबा पुढच्या महिन्यात तीन आठवडे आमच्याकडे राहायला येत आहेत, हे सर्वांना ठाऊक आहेच. घरी वरणभात आणि पोळीभाजी रोज होईल; परंतु टेक्सासमधल्या या गावात येऊन टेक्समेक्स, म्हणजे टेक्सासच्या पद्धतीचे मेक्सिकन जेवण, न खाता परत जाणे म्हणजे कोल्हापुराहून मिसळ न खाता परतण्यासारखे आहे. आत्या पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, आणि आतोबांना तिखट सोसत नाही. त्यांना कोठे न्यावे आणि तेथे काय मागवावे, हे आधीच बोलून घेतले तर ऐनवेळी टेबलाशी बसून मेन्यूकार्डाचे अर्थ लावत बसावे लागणार नाही. काकांच्या नियमाप्रमाणे पूर्ण वाक्यांत लिहिले आहे, याची नोंद घ्यावी.

ताई (शिकागो): दादा, माझे मत तुला आवडणार नाही, तरी सांगते. आमच्या शिकागोत पिल्सन भागात मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांची छोटी छोटी खानावळवजा ठिकाणे आहेत, तेथे निवडुंगाच्या पानांची भाजी घातलेली केसाडिया (चीज भरून दुमडलेली टॉर्टिया) मिळते, ताज्या मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळ्या, समोर भाजून देतात. ते खाल्ल्यावर तुमचे टेक्समेक्स म्हणजे पिवळ्या चीजच्या पांघरुणाखाली झाकलेले नकली मेक्सिकन जेवण वाटते. आत्या एवढा लांबचा प्रवास करून येणार, तर तिला अस्सल मेक्सिकन तरी खाऊ घाल.

दादा (सॅन अँटोनिओ): ताई, हा आक्षेप येथेही कोणीतरी घेतच असते, त्यामुळे उत्तर तयार आहे. १९७२ साली डायना केनेडी यांनी मेक्सिकन पाककृतींचे पुस्तक लिहिले आणि सीमेअलीकडचे जेवण व सीमेपलीकडचे जेवण यांत स्पष्ट फरक केला. तेव्हापासून ‘टेक्समेक्स’ हा शब्द जरा नाक मुरडूनच उच्चारला जाऊ लागला. त्याआधी याच रेस्टॉरंटांच्या पाट्यांवर सरळ ‘मेक्सिकन’ असे लिहिलेले असे. मूळ शब्द तर जेवणाचा नव्हेच, तो रेल्वेचा आहे. १८७५ साली सनद मिळालेल्या टेक्सास मेक्सिकन रेल्वेचे ते संक्षिप्त नाव होते.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता आणि १८४५ साली तो अमेरिकेत सामील झाला. येथल्या तेहानो, म्हणजे मूळच्या मेक्सिकन वंशाच्या टेक्सासवासी कुटुंबांची चूल या काळात जागची हलली नाही, वरचे सरकार तेवढे बदलले. त्या चुलीवर जे शिजत होते त्यात नंतर शेजारपाजारचे जिन्नस मिसळत गेले. १७३१ साली कॅनरी बेटांवरून आलेली स्पॅनिश कुटुंबे या गावात वसली होती आणि टेक्समेक्समधला जिऱ्याचा सढळ वापर त्यांच्याकडून आला असे मानले जाते. १८९० च्या दशकात जवळच्या न्यू ब्राउनफेल्स गावातल्या गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने वाळलेल्या मिरच्या दळून त्यात मसाले घालून तयार पूड विकायला काढली, तिच्यामुळे टेक्समेक्समधली तपकिरी मिरचीची ग्रेव्ही बारमाही होऊ लागली. पिवळे चीज अमेरिकन दुकानांतून आले. आता यातल्या कोणत्या टप्प्यावर हे जेवण नकली झाले, ते तू मला सांग.

काका (सातारा): दादाचे म्हणणे मला पटते, आणि त्याला आपल्याकडचाच एक दाखला देतो. व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात जी मराठी कुटुंबे तंजावरला गेली, त्यांच्या वंशजांच्या घरी आजही मराठी बोलतात आणि त्यांचा स्वयंपाकही त्यांचा स्वतःचा आहे. त्यांच्या पदार्थांत चिंच, ओले खोबरे, कढीपत्ता आपल्यापेक्षा अधिक असतो. सातारच्या माणसाने तेथे जेवून ‘हे अस्सल मराठी नव्हे’ असे म्हटले तर ते अर्धवट खरे ठरेल आणि पूर्ण उद्धट ठरेल. ताईने निवडुंगाची भाजी जरूर खावी, पण सॅन अँटोनिओत सॅन अँटोनिओचे खावे.

आत्या (पुणे): अस्सल आणि नकली यांचा निवाडा तुम्ही मंडळी सावकाश करा. मला एवढेच सांगा की त्यात डुकराची चरबी असते, हे खरे आहे का? आमच्या भिशीतल्या एका बाईंच्या मुलाने तसे सांगितले आणि तेव्हापासून माझे अर्धे मन उडाले आहे.

वहिनी (सॅन अँटोनिओ): आत्या, तुम्ही ऐकलेले खरे आहे, म्हणून मी सविस्तर लिहिते, कारण यांचे लक्ष इतिहासाकडे असते आणि ताटात काय आले ते मला पाहावे लागते.

आम्ही येथे नवीन असताना एका रेस्टॉरंटमध्ये (नाव कशाला घेऊ) मी ‘व्हेजिटेरियन प्लेट’ मागवली होती. त्यात घोटलेल्या बीन्स होत्या, अगदी आपल्या राजम्याच्या दाट उसळीसारख्या, आणि त्या मी चवीने संपवल्या. निघताना सहज विचारले तेव्हा वाढणाऱ्या मुलीने निरागसपणे सांगितले की बीन्स डुकराच्या चरबीतच परततात, त्याशिवाय चव येत नाही. तिची चूक नव्हती. ताटात मांसाचा तुकडा नाही म्हणजे शाकाहारी, असा तिचा साधा हिशेब होता. दोन दिवस मला जेवण गेले नाही. त्यानंतर मी बसताक्षणी चार गोष्टी विचारते आणि उत्तर डळमळीत आले तर तो पदार्थ सोडून देते.

पहिली गोष्ट बीन्सची, ती सांगितलीच. आख्ख्या बीन्स रश्शात येतात त्यांना ‘चारो’ म्हणतात, त्यांत बहुधा बेकन असतो, त्यामुळे त्यांचा विचारच करू नये. दुसरी गोष्ट भाताची. तो टोमॅटोमुळे केशरी दिसतो आणि आपल्या मसालेभाताचा धाकटा भाऊ वाटतो, पण पुष्कळ ठिकाणी तो कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. तिसरी गव्हाच्या टॉर्टियाची, कारण त्यांच्या कणकेत चरबीचे मोहन घालण्याची जुनी पद्धत आहे. हल्ली पुष्कळ जण तेल किंवा वनस्पती तूप वापरतात, पण विचारल्याशिवाय कळत नाही. चौथी गोष्ट सर्वांत फसवी आहे. चीज एन्चिलाडा, म्हणजे सारण भरून गुंडाळलेली आणि वर ग्रेव्ही ओतलेली टॉर्टिया, नावावरून शाकाहारी वाटते, आत फक्त चीज आणि कांदा असतो, परंतु तिच्यावर ओततात ती मिरचीची ग्रेव्ही अनेकदा गोमांसाच्या खिम्याची असते. ती नको म्हणून सांगावे लागते आणि बदल्यात हिरवा साल्सा मागावा लागतो. तो तोमातियोचा असतो. रसभरीसारखे कागदी पदर असलेले हे आंबट हिरवे फळ आहे. त्यातही कोंबडीचे पाणी नाही ना, एवढे विचारून घ्यायचे.

मक्याची टॉर्टिया मात्र निर्धास्त खावी. तिच्या मास्यात मका, पाणी आणि चुना याखेरीज काही नसते.

आत्या (पुणे): अगं, मासा कोठून आला? एवढे सगळे विचारून शेवटी मासाच ताटात यायचा असेल तर मी घरून डबा घेऊन येते.

वहिनी (सॅन अँटोनिओ): क्षमा करा, आत्या. येथे ‘मासा’ म्हणजे मक्याचे भिजलेले पीठ. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सालपटे धुऊन काढतात आणि मग वाटतात. चुन्यामुळे त्या पिठाला चिकटपणा येतो आणि त्याची पोळी थापता येते. आपल्या मक्याच्या पिठाची भाकरी कडेला चिरते, तशी ही चिरत नाही. माझ्या स्वयंपाकघरात या पिठाचे पुडके नेहमी असते, तुम्ही आल्यावर करून पाहू.

काका (सातारा): आत्याला मासा वाढण्याची ही पहिलीच वेळ असावी. चुन्याची माहिती मात्र नवी वाटली.

धाकटा (पुणे): मला एक विचारायचे आहे. येथे मल्टिप्लेक्समध्ये मध्यंतरात पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये नाचोज आणि शेजारी पिवळ्या चीजचा पातळ सॉस मिळतो, तेही टेक्समेक्सच का? तसे असेल तर आत्याने ते पुण्यातच खाल्ले आहे आणि तिला ते मुळीच आवडलेले नाही.

दादा (सॅन अँटोनिओ): तू नेमके बोट ठेवलेस. नाचोज प्रथम केले ते सीमेपलीकडच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया या माणसाने, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला. टेक्सासच्या बाजूने आलेल्या बायका उशिरा जेवायला आल्या, स्वयंपाकी जागेवर नव्हता, तेव्हा त्याने तळलेल्या टॉर्टियाच्या तुकड्यांवर चीज आणि हालापेन्यो या हिरव्या मिरचीची चकती ठेवून भट्टीत भाजून दिले. इग्नासिओचे लाडके नाव ‘नाचो’, तेच पदार्थाला मिळाले. त्यात प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्र चीज आणि स्वतंत्र मिरची असे, म्हणजे ते काम नजाकतीचे होते.

तुझा पातळ सॉस मात्र आमच्या गावाची करणी आहे. येथल्या फ्रँक लिबर्टो नावाच्या व्यापाऱ्याने १९७६ साली आर्लिंग्टनच्या बेसबॉल स्टेडियमवर असा सॉस विकायला आणला की जो गोठत नाही आणि पंपाने ओतता येतो. रांग झरझर पुढे सरकली आणि तोच प्रकार पुढे चित्रपटगृहांत गेला. आत्याने पुण्यात जे खाल्ले ते त्याचे दूरचे नातवंड होय. त्यावरून येथल्या जेवणाची परीक्षा करणे म्हणजे स्टेशनवरच्या गार वड्यावरून बटाटेवड्याची परीक्षा करण्यासारखे आहे.

ताई (शिकागो): तुझ्या आणि काकांच्या तंजावरने मी निरुत्तर झाले असे समजू नकोस, पण एक कबूल करते. मागे तुझ्याकडे आले होते तेव्हा खाल्लेला फुगलेला टाको (सारण भरलेली दुमडलेली टॉर्टिया) मला शिकागोत कोठेही मिळालेला नाही.

दादा (सॅन अँटोनिओ): तो मिळणारच नाही, कारण ती या गावाची खासियत आहे. तयार टॉर्टिया न तळता कच्च्या मास्याची चकती कढईत सोडतात, ती पुरीसारखी फुगते आणि झाऱ्याने मध्ये दाबून तिला होडीचा आकार देतात. बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ. आत्या, त्यात बीन्सऐवजी ग्वाकामोली, म्हणजे अवोकाडोची कोशिंबीर भरून देतात, तो तुझ्यासाठी. तेल कशाचे, तेवढे विचारून घेऊ.

वहिनी (सॅन अँटोनिओ): जागेचे म्हणाल तर माझ्या मते पहिल्या दिवशी मार्केट स्क्वेअरमधल्या ‘मी तिएरा’मध्ये जावे. (काका, येथे ‘मी’ म्हणजे ‘माझी’ आणि ‘तिएरा’ म्हणजे ‘भूमी’.) १९४१ साली तीन टेबलांवर सुरू झालेले हे ठिकाण आता प्रचंड मोठे झाले आहे. छतावर रंगीत कागदी झालरी आणि दिव्यांच्या माळा वर्षभर असतात, गिटार घेऊन गाणारे टेबलाशी येतात. गर्दी आणि गोंगाट असतो, पर्यटक पुष्कळ असतात, पण आतोबांना बघायला पुष्कळ काही असेल. तेथून थोड्याच अंतरावर मिलिटरी प्लाझा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे संध्याकाळी बायका चुली मांडून कंदिलाच्या उजेडात मिरचीचा रस्सा विकत, त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. पुढे चौकातून चौकात त्यांना हलवत नेले आणि अखेर आरोग्य खात्याच्या नियमांनी त्यांचा धंदा बंद झाला. टेक्समेक्सचे पहिले दुकान कोणते, असे मला कोणी विचारले तर मी त्या चुलींचे नाव सांगेन, रेस्टॉरंटचे नाही. आणि त्या चालवणाऱ्या सगळ्या बायका होत्या, हे इतिहास सांगणारे हटकून विसरतात.

दादा (सॅन अँटोनिओ): मी विसरलो नव्हतो, तेथपर्यंत पोचलो नव्हतो.

आत्या (पुणे): चुलीवरच्या बायकांचे वाचून बरे वाटले. मी एक वेळ येईन. मक्याची टॉर्टिया, अवोकाडोची कोशिंबीर आणि तो फुगलेला प्रकार, एवढे मला पुरे. तेथे बसल्याबरोबर काही फुकट मिळते असे मुलगा म्हणत होता, ते काय?

वहिनी (सॅन अँटोनिओ): पुष्कळ ठिकाणी बसल्याबरोबर तळलेल्या टॉर्टियाचे त्रिकोणी तुकडे आणि वाटीत साल्सा आणून ठेवतात, त्याचे पैसे सहसा लागत नाहीत आणि टोपली रिकामी झाली की पुन्हा भरून देतात. हे येथे इतके मुरलेले आहे की २००३ साली टेक्सासने चिप्स आणि साल्सा हे राज्याचे अधिकृत खाणे म्हणून जाहीर केले. साल्सा म्हणजे पातळ केलेला ठेचाच समजा. आतोबांनी आधी बोट लावून बघावे. पण आत्या, त्या टोपलीवर पोट भरून घेऊ नका. आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा तसेच करतो आणि मुख्य ताट डब्यात बांधून घरी न्यावे लागते. ते बांधून देतात आणि त्यात कोणी कमीपणा मानत नाही. बिलावर अठरा ते वीस टक्के वाढणाऱ्यांसाठी ठेवायचे असतात, ते आम्ही बघू. पिण्यासाठी ‘हमाइका’ मागवू. ते लाल अंबाडीच्या बोंडांचे गार सरबत असते, तुम्हाला एका घोटात ओळखू येईल.

आत्या (पुणे): अंबाडीचे सरबत! आमच्या आजोळी लाल अंबाडीच्या बोंडांची चटणी होत असे. मग ठरले. दादा, तू मात्र आदल्या दिवशी फोन करून बीन्स, भात आणि तेल यांची चौकशी करून ठेव, मला तेथे बसून त्या मुलींची उलटतपासणी करायची नाही.

दादा (सॅन अँटोनिओ): करतो, आणि मिळालेले उत्तर येथेच लिहितो. तुम्ही आल्यानंतरच्या गुरुवारी दुपारी जाऊ, शनिवार-रविवारची गर्दी टळेल.

आतोबा (पुणे): सर्व संदेश वाचले. मला काहीही चालेल. जेवणानंतर चहा मिळेल का, एवढेच कोणी लिहिले नाही.

वहिनी (सॅन अँटोनिओ): आतोबा, टेक्सासमध्ये नुसता चहा मागितला तर मोठ्या ग्लासात बर्फ घातलेला, दुधाशिवायचा चहा येतो आणि तो संपू न देता पुन्हा पुन्हा भरत राहतात. मी आल्याचा चहा थर्मासमध्ये भरून गाडीत ठेवीन.