एचबेस: ४ बाइटच्या रीडिंगला ८५ बाइट जायलेत, मार्ग सांगा की

मंडळी नमस्कार, बेळगावातून लिहितोय. चिकोडी, हुक्केरी, खानापूर भागात शेतपंपांच्या स्टार्टरला आम्ही छोटे मीटर बसवलेत, दर मिनिटाला तिन्ही फेजचं व्होल्टेज, तिन्हींचा करंट आणि मोटर चालू का बंद अशी ७ रीडिंगं एचबेसमध्ये (बऱ्याच मशीनींवर पसरलेला डेटाबेस) पडतात, प्रत्येक वेगळ्या कॉलमात. रात्री थ्री फेज कितीला आली, मोटर कुठल्या फेजमुळं बंद पडली हे शेतकरी फोनवर बघतात, ऊस वाळायला लागला की त्यावरच त्यांचं सगळं असतंय, त्यामुळं जुना डेटा उडवा म्हणू नका.

डिस्क भरत आलीय. काल एक सेल, म्हणजे एका कॉलमातली एक नोंद, उघडून बाइट मोजले. रो की (ओळीची ओळख) ३८, फॅमिलीचं (कॉलमांच्या गटाचं) नाव ८, कॉलमचं १५, लांब्या-टाइमस्टॅम्प-टाइप मिळून ठरलेले २०, आणि खरं रीडिंग ४! मिनिटाला ७ सेलचे ५९५, वर एचडीएफएसच्या (एचबेसच्या खालची फाइल साठवण) तीन प्रती. रो कीत तालुका-गाव पूर्ण स्पेलिंगनं मीच घातलं, दर सेलमागे अख्खी की परत लिहिली जाते हे तेव्हा माहीत नव्हतं.

सातही एकाच सेलात बांधून नावं एकेक अक्षरी केली तर ८८ बाइटात भागतंय. पण खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत पावसात रेंज जाते, मग व्होल्टेजचं पाकीट आधी येतं, करंटचं तासाभरानं. म्हणजे सेल वाचायचा, भर घालायची, परत लिहायचा, आणि दोन्ही एकदम आली तर एक पुसलं जाणार. नुसत्या फास्ट डिफ एन्कोडिंगनं (आधीच्या सेलशी जुळणारा भाग परत न लिहिण्याची पद्धत) भागेल का?

प्रतिसाद १:
फास्ट डिफ लावाच, चालू टेबलावर अल्टर (सेटिंगचा बदल) होतंय. कॉम्प्रेशन मुळात बंद असतं, स्नॅपी (डेटा दाबून लहान करायची पद्धत) पण लावा. जुन्या फाइली मात्र मेजर कॉम्पॅक्शननंतरच (सगळ्या फाइली एकत्र करून नव्यानं लिहिणं) बदलतात आणि नवी पूर्ण लिहून होईतोवर जुनी जात नाही, तेव्हा एकेक रीजन (टेबलाचा तुकडा) घ्या दादा. जुने स्नॅपशॉट (टेबलाची त्या वेळची धरून ठेवलेली अवस्था) असतील तर जागा सुटणारच नाही, ते आधी बघा.
सेल पाकिटाप्रमाणं बांधा. व्होल्टेजचा एक, करंट नि मोटरचा दुसरा, वाचून लिहायची भानगडच नको. प्रत्येक सेलातल्या रीडिंगांच्या सुरुवातीला एक बाइट फॉरमॅटच्या नंबरला ठेवा, उद्या मीटर बदलला तर जुनं वाचता येईल. फॅमिलीचं नाव बदलता येत नाही, त्याला नवीन टेबल लागेल.

मूळ लेखक:
लई उपकार झाले. दोन सेलचे १५० बाइट होतात, चालतंय. नवीन टेबल करायचंच तर की पण आखूड करतो, गावाऐवजी नुसता आकडी कोड. असं कुणी केलंय का, गाव आणि कोडची यादी कुठं ठेवलीत?