दोन वर्षं दुसऱ्याकडे उभी असलेली कार परत आणायची आहे

प्रश्न: माझी पेट्रोल कार दोन वर्षं मेहुण्यांच्या आवारात उभी आहे. मध्ये कोणीच सुरू केलेली नाही. नवी बॅटरी टाकून थेट चालवत आणली तर चालेल का?

उत्तर १: कृपया थेट सेल्फ मारू नका! एवढ्या काळात ऑईल खाली चेंबरमध्ये उतरतं आणि सिलिंडर कोरडे पडतात. बॅटरी जोडण्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडा. आत गवत-चिंध्या दिसल्या तर उंदीर येऊन गेलेत, मग सगळं वायरिंग तपासा. कुरतडलेल्या वायरला करंट मिळाला की शॉर्ट होतं, आगही लागू शकते.

नंतर स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर (५ मिली) इंजिन ऑईल सोडा. थोडं मुरू द्या. गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या (इंजिनचा पट्टा फिरवणारं मुख्य चाक) बोल्टला पाना लावा आणि इंजिन हातानं दोन फेरे फिरवा. अडकलं तर जोर करू नका, तिथेच थांबा. मोकळं फिरलं तर फ्युएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलचे (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) कनेक्टर काढून ५-५ सेकंद सेल्फ द्या. डॅशबोर्डवरचा ऑईलचा दिवा विझला की मगच प्लग बसवा.

उत्तर २: आणि पेट्रोल? टाकीतलं थोडं काचेच्या बाटलीत काढून बघा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी (इथेनॉल मिसळलेलं) आहे आणि पंप नेमका तिथूनच ओढतो. माझ्या मते बघत बसण्यापेक्षा टाकी रिकामीच करा, ५ लिटर ताजं पेट्रोल सोबत न्या.

उत्तर ३: इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याजोगी झाली असं नाही. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर ब्रेकचे लायनर (घर्षणाचे पट्टे) चाकाच्या ड्रमला चिकटलेले असू शकतात. गिअर टाकून ओढाताण केली की लायनर सोलून निघतो. चाक काढून ड्रमवर हातोडीनं हलके ठोके द्या. टायरच्या बाजूला भेगा बघा. टायरवर कोरलेल्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे ३४१९ असतील तर टायर २०१९च्या ३४व्या आठवड्यातला आहे. ब्रेक पेडल खाली बसत असेल किंवा विमा संपला असेल तर सरळ फ्लॅटबेडवर (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) आणा.

उत्तर ४: मेहुणे घरचेच असले तरी ताबा घेताना त्यांच्यासमोरच चारही बाजूंचे आणि किलोमीटर रीडिंगचे फोटो काढा. दोन्ही चाव्या आणि कागदपत्रं मिळाल्याचा तारखेसह मेसेज त्यांना पाठवा. गाडीवर त्यांचा काही खर्च झाला असेल तर तो आधी विचारून चुकता करा. तुम्ही स्वतः जाणार नसाल तर जो जाईल त्याच्याकडे सहीचं पत्र द्या आणि त्याचं नाव मेहुण्यांना आधीच कळवा.